रापणीची जुनी होडी वाडीवाडीत फिरवतोय. लोक बघतात आणि घरी जातात. काय करावं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

मालवण तालुक्यातल्या एका लहान गावात मी ग्रामवाचनालय सांभाळते. यंदा अकरा वर्षं झाली. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण मला मनापासून मदत हवी आहे, म्हणून सगळंच सांगते.

गेल्या गणपतीनंतर आमच्या गावातल्या एका रापण संघाने त्यांची जुनी होडी वाचनालयाला दिली. सोळा हात लांब, एकही खिळा न मारता काथ्याने शिवलेली. कित्येक वर्षं ती पाण्यात गेली नव्हती, माडाखाली झापं घालून पालथी ठेवलेली होती. ज्यांना रापण माहीत नाही त्यांच्यासाठी: होडीतून समुद्रात जाळं अर्धगोल टाकत जायचं आणि मग त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून वाडीने मिळून ओढायची. जो दोराला हात लावेल त्याला वाटा. मी लहान असताना शाळेत जाता जाता दोर ओढलाय आणि मूठभर पेडवे घेऊन घरी परत आलेय. आईने मारलं नाही, कालवण केलं.

तर ती होडी बघून माझ्या मनात आलं की लोक वाचनालयात येत नाहीत, तर आपण त्यांच्याकडे जाऊ. ही होडीच गावोगाव न्यायची. आपल्या किनाऱ्याची ओळख, आपल्या गोष्टी, आपले शब्द, सगळं तिच्याभोवती गोळा होईल. शाळेतल्या मुलांनी ती रंगवली. डाव्या अंगाला दशावतारातला संकासुर, उजव्या अंगाला रापण, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, सिंधुदुर्ग किल्ला. ऑइल पेंटचे सात डबे लागले. मुलं महिनाभर खपली आणि काम खरोखर देखणं झालं. मग टेम्पो ठरवला आणि निघालो.

आतापर्यंत तीन मुक्काम झाले. मुक्काम तरी कशाला म्हणू, तीन थांबे. तिन्हीकडे तेच झालं. सकाळी दहाला होडी शाळेच्या पटांगणात. हार, नारळ, मग भाषणं. मुलं उन्हात मांडी घालून बसलेली. त्यानंतर फोटो. साडेबारापर्यंत पटांगण रिकामं. आम्ही एक वही ठेवली होती, 'तुमच्या गावाची आठवण लिहा' म्हणून. तीन गावांत मिळून त्यात चौदा वेळा 'छान उपक्रम' आणि दोनदा 'खूप सुंदर' एवढंच लिहिलेलं आहे. सोबत नेलेल्या पुस्तकांच्या पेटीला कोणी हातसुद्धा लावला नाही.

दुसऱ्या गावात एक म्हातारे गृहस्थ आले होते. भाषणं चालू असताना ते होडीजवळ गेले, संकासुराकडे बघितलंही नाही, खाली वाकून फळीच्या सांध्यावरून बोट फिरवत नाळेपासून मागच्या टोकापर्यंत गेले. मी जवळ जाऊन विचारलं, "आजोबा, कशी वाटली?" ते म्हणाले, "पाण्यात नाय जावची ती होडी कसली? लाकूड ता." आणि निघून गेले.

त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. त्यांना राग आला नव्हता. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते मी केलं होतं.

अजून नऊ वाड्या ठरलेल्या आहेत, आचऱ्यापासून खाली देवबागेपर्यंत आणि मग कर्लीच्या खाडीपलीकडे भोगव्याला. पैसे थोडे आहेत, माणसं सहा-सात. ज्यांनी गावोगाव काही फिरवलंय, काहीही, त्यांनी सांगा. किती वेळ थांबावं? बोलावं कोणी? लोकांच्या मनात शिरायचं कसं?

---

सहाणेवरचा

ताई, मी राजापूर तालुक्यातला. तुम्ही विचारलंत की गावोगाव काही फिरवलंय का. फिरवलंय. खांद्यावरून, दरवर्षी, फाल्गुनात.

आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते. देवळात रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लागतात, पालखी सहाणेवर, तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येते, होम होतो, आणि मग भोवनी सुरू. वाडीवाडीत, घराघरात. अमुक दिवशी अमुक वाडी, त्या वाडीत आधी अमुक घर, हे ठरलेलं. त्या एका दिवसासाठी मुंबईचा माणूस रजा टाकून येतो. गणपतीला एकवेळ आला नाही तरी चालेल, पण पालखी दारात येणार आणि दाराला कुलूप, हे चालत नाही. आदल्या दिवशी खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवतात. बाया ओटी तयार ठेवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, घरातल्या प्रत्येकाचं दुखणं-खुपणं, नोकरी, लग्न, सगळं त्यात येतं, आणि सगळी वाडी एका आवाजात म्हणते, "व्हय महाराजा!" पोरं पालखी नाचवतात. रात्र झाली तर पालखी तिथेच वस्तीला.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की आमच्याकडे पालखी बघायला कोणी जात नाही. पालखी आपल्याकडे येते, आणि ती आली की यजमान आपण. तुमच्या होडीच्या वेळी यजमान कोण होतं? तुम्हीच. पाहुणेही तुम्ही आणि यजमानही तुम्ही. हार तुमचा, माइक तुमचा, भाषणांची यादी तुमची. गावाला करायला काही उरलंच नाही, म्हणून गावाने फोटो काढले.

दोन तासांचा थांबा बंद करा. वस्ती करा, निदान एक रात्र, जमल्यास तीन. आणि टेम्पोने गावाच्या मध्यभागी नेऊन उतरवू नका. शिवेवर न्या. मागच्या वाडीतली माणसं होडी शिवेपर्यंत पोचवायला येऊ देत, पुढच्या वाडीतली तिथे घ्यायला येऊ देत. आमची पालखी दुसऱ्या वाडीच्या हद्दीत जाते तेव्हा खांदे बदलतात. तो खांदा बदलण्याचा क्षण मला सगळ्यात जास्त आवडतो. चाळीस माणसं असतात आणि अर्धं मिनिट कोणीही बोलत नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो. होडीला देव करू नका. मानापानावरून पालखी अडून राहिलेली मी पाहिली आहे, भाऊ भावाशी बोलेनासा झालेला पाहिला आहे. पहिला नारळ कोणाचा, पहिला खांदा कोणाचा, हे तुमच्या होडीत शिरलं तर ती तिथेच रुतेल. पालखीकडून रीत घ्या, मान घेऊ नका.

---

पिंगुळी_रोड

वरच्या दादांनी यजमानपणाचं सांगितलं ते पटलं. मी कुडाळचा, हौशी नाटकवाला, त्यामुळे मी दुसऱ्या बाजूने बोलतो.

ताई, तुमच्या होडीवर चित्रं आहेत, पण ती सांगतंय कोण?

आमच्या शेजारी पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. तुम्ही बघितली असेलच. एका आख्यानाची चित्रं म्हणजे एक पोथी. सुटी पानं, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. सांगणारा फळीला टेकवून एकेक पान उभं करतो, गातो, बोलतो, पान बदलतो. साथीला वीणा, टाळ, हुडूक. कार्यक्रम झाला की पोथी बांधून ठेवायची. ती चित्रं भिंतीवर टांगायला काढलेलीच नाहीत. आवाज नसेल तर चित्र झोपलेलं असतं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या जिल्ह्याने छाती फुगवली, पण ही कला कुटुंबाने वर्षानुवर्षं गोठ्यात जागा करून सांभाळली तेव्हा बघणारे किती होते, हाही प्रश्न मला पडतो. असो.

दशावताराचंही तसंच. लिखित संवाद नाहीत. आज कुठलं आख्यान ते ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि मग रंगमंचावर नट आपल्या जिभेवर उभा. त्यामुळे वालावलचा प्रयोग आणि वेंगुर्ल्याचा प्रयोग कधी एकसारखा होत नाही. समोर बसलेल्या गावाप्रमाणे बोलणं बदलतं. तुमची भाषणं तिन्ही गावांत एकच होती ना?

बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ते मला फार लागलं होतं. २०२१ साली 'लिटल अमाल' नावाची साडेतीन मीटर उंचीची बाहुली तुर्कस्तानातल्या गाझियानतेपपासून इंग्लंडातल्या मँचेस्टरपर्यंत सुमारे ८००० किलोमीटर गेली. दक्षिण आफ्रिकेच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने ती बनवली. ती सिरियातली एक निर्वासित मुलगी, आईला शोधायला निघालेली. कळसूत्री बाहुल्यांच्या जिल्ह्यातला माणूस म्हणून मी तिचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितले. ती कुठेही भाषण करत नाही. ती गावात येते तेव्हा दमलेली असते, घाबरलेली असते. मग त्या गावाने ठरवायचं की हिला काय द्यायचं. कुठे गाणं, कुठे दिवे, कुठे नुसती सोबत. प्रत्येक गावाने आपापलं स्वागत रचलं.

माझ्या डोक्यात तेव्हापासून हेच बसलंय की फिरणारी वस्तू गरजू असावी लागते. तुमची होडी रंगवून, सजवून, पूर्ण होऊन येते. तिला त्या गावाकडून काहीच नकोय. ज्याला काही नको असतं त्याच्याशी माणूस काय बोलणार?

---

सुंभ

राम राम. मी वेंगुर्ल्याकडचा. आजोबा होड्या शिवायचे, वडील हाताखाली असायचे, मी बघायचो. आता मी दुसरं काम करतो, पण हात विसरलेले नाहीत.

ताई, रागावू नका, पण शिवणीवर ऑइल पेंट दिलात? आधी तो काढा. फळीवरचा राहू दे, शिवणीवरचा काढा. काथ्या तेल पितो. तेल पाजत राहिलं तर तो वर्षानुवर्षं मऊ राहतो. वर रंगाचा थर बसला की तेल आत जात नाही, आणि काथ्या आतल्या आत करपतो, चुरा होतो. त्या म्हाताऱ्या माणसाने बोट फिरवलं ते तेच बघायला. दुसरं, ती होडी उन्हात पटांगणात ठेवता, ते आजच्या आज बंद. होडी वाळली की फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. मांडवात ठेवा, ओली गोणपाटं घाला, आत चार कळश्या पाणी ओता. लाकूड फुगलेलं राहिलं पाहिजे.

आता पिंगुळीवाल्या भाऊंनी जे म्हटलं की होडी गरजू हवी, ते वाचून मला हसू आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं. शिवलेली होडी गरजूच असते. आमच्याकडे दर एक-दोन वर्षांनी शिवण उसवायची आणि नवी घालायची. खिळ्याच्या होडीसारखं नाही, की एकदा ठोकली आणि झालं. तिला माणसं लागतातच.

शिवतात कशी ते सांगतो. फळीच्या कडेला ओळीने भोकं. दोन फळ्यांच्या सांध्यावर काथ्याची वळकटी दाबून बसवायची आणि तिच्यावरून दोरी घालून आवळायची. हे काम एकट्याचं नाही. एक माणूस होडीच्या आत, एक बाहेर. दोरी आतून बाहेर येते, बाहेरच्याने ती ओढून ताणायची आणि दुसऱ्या भोकातून परत आत द्यायची. मधे फळी असते, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. फक्त दोरीचा ताण कळतो. आतल्याने ढिली सोडली की बाहेरच्याला लगेच कळतं. आजोबा आणि त्यांचा जोडीदार घरच्या भांडणामुळे दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, पण होडी एकत्र शिवायचे.

मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं 'कौंडिण्य' जहाज असंच शिवलेलं आहे. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून बेतलेलं, गोव्यात बांधलेलं, केरळचे बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली. म्हणजे ही विद्या मेलेली नाही. तुमच्या अंगणात तिचा नमुना पडलाय आणि तुम्ही तो टेम्पोवरून फोटोसाठी फिरवताय, हे मला बघवत नाही म्हणून स्पष्ट बोललो.

माझं म्हणणं असं: वरच्या फळ्यांची शिवण उसवा. उसवलेली होडी घेऊन वाडीत जा. प्रत्येक वाडीने एक हात शिवण घालायची. तळाची शिवण मात्र जाणत्याच्याच हातची हवी, तिथे लाड नाही. ती मी येऊन घालून देतो, माझा जेवणाचा डबा मी आणीन. आणि शेवटी कर्लीची खाडी ओलांडायची ती टेम्पोने पुलावरून नाही. होडीने, पाण्यातून. देवबागेतून भोगव्याला. मग कळेल कोणत्या वाडीची शिवण कशी आहे ते.

---

तळाशील_माहेर

सगळ्यांचं वाचलं. दोन गोष्टी कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पहिली. सकाळी दहाला कार्यक्रम ठेवता तेव्हा मासेवाल्या बाया कुठे असतात? बाजारात. पाटी विकून घरी यायला दुपार टळते, मग पाणी, जेवण, भांडी. तुमच्या पटांगणात त्या दिसल्या नाहीत याचं कोणाला काही वाटलं का? संध्याकाळी सहानंतर ठेवा, कोणाच्या तरी खळ्यात. शाळेच्या पटांगणात बाई पाहुणी असते, खळ्यात ती घरची असते.

दुसरी. शिवणारे पुरुष, हे ठीक. पण ती दोरी येते कुठून? सुंभ बाईने वळलेलं असतं. माझी आजी नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजत घालायची, महिनोन्‌महिने. मग बाहेर काढून दांड्याने ठेचायची, धुवायची, वाळवायची आणि पावसाळ्यात पडवीत बसून वळायची. तेव्हा मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. पुरुष जाळी दुरुस्त करत बसायचे आणि बाया सुंभ वळत. तिच्या तळव्याला काथ्याने कातडं आलं होतं, माझ्या गालावरून हात फिरवायची तर खरखरीत लागायचा. मला अजून आठवतो.

नायलॉनचा दोर विकत आणून शिवलंत तर मी येणार नाही. वाडीचं सुंभ वाडीनेच वळायचं, वाव मोजून, म्हणजे दोन्ही हात पसरून माप घेऊन, द्यायचं. आणि शिवणाऱ्याचं नाव कुठे लिहाल तर वळणारीचंही लिहा.

---

दादर_ते_देवबाग

मी मुंबईत असतो. देवबागेला कोणत्या दिवशी येणार ती तारीख महिनाभर आधी सांगा. मी आणि माझे दोन चुलत भाऊ रजा टाकून येतो. ओढायला का होईना.

---

खाडीकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला पाच आठवडे लावले, त्याबद्दल माफ करा. त्या वेळात काय काय झालं ते सांगते.

आधी रंग. मुलांना सांगायचं कसं, याचं मला फार ओझं होतं. महिनाभर खपलेली मुलं ती. मी त्यांना 'सुंभ' दादांचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवलं. नववीतली एक मुलगी म्हणाली, "मग संकासुराच्या कपाळाचं काय?" शिवण नेमकी त्याच्या कपाळावरून जाते. शेवटी तिनेच पत्र्याचा तुकडा घेऊन तेवढी चार बोटांची पट्टी खरवडली. आता संकासुराच्या कपाळावर आडवी रेघ आहे आणि तिथे उघडं लाकूड दिसतं. मला तो आधीपेक्षा जास्त संकासुर वाटतो.

'सुंभ' दादा आले. म्हटल्याप्रमाणे डबा घेऊन आले, आम्ही तो उघडू दिला नाही. चार दिवस राहून तळाची शिवण घातली. आणि मी त्या दुसऱ्या गावातल्या आजोबांकडे गेले. खरं सांगते, जाताना पाय जड झाले होते. मी म्हटलं, "आजोबा, होडी पाण्यात घालायची आहे. तुम्ही याल का?" त्यांनी विचारलं, "कोण शिवता?" मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्या आजाक मी वळखत होतंय." मग घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मला वाटलं, नाही येणार. तर ते एक लाकडी मोगरी शोधत होते.

पहिली वाडी आमची स्वतःचीच धरली. भाषण नाही, माइक नाही, हार नाही. संध्याकाळी साडेसहाला एका खळ्यात होडी ठेवली, वर झापांचा मांडव. बायांनी सुंभ आधीच वळून ठेवलं होतं. सगळ्या मिळून बेचाळीस वाव झालं. भिजवलेली सोडणं तीनच घरांत मिळाली, कारण आता कोणी कुजत घालत नाही. पण त्या तीन घरांतल्या सोडणांवर अकरा बायांनी हात चालवला. दोघींना येत होतं, नऊजणी शिकल्या. ऐंशीच्या घरातल्या एक काकी वळत होत्या तेव्हा त्यांच्या हाताकडे बघावंसं वाटत होतं. डाव्या हातात काथ्याचा झुपका, दोन पदर उजव्या तळव्याखाली मांडीवर पुढे सरकवायचे, आणि परत येताना ते आपोआप एकमेकांत गुंतलेले. त्या बोलत होत्या वेगळंच, नातवाच्या लग्नाबद्दल, आणि सुंभ मात्र एकसारखं निघत होतं, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही.

मग शिवण. आजोबा आत बसले. बाहेर ती नववीतली मुलगी. त्यांनी तिला एवढंच सांगितलं की मी फळीवर मोगरी दोनदा मारली की ओढ, एकदा मारली की थांब. पहिल्या तीन टाक्यांना तिला ताण जमेना, दोरी ढिली जात होती, आतून मोगरी पुन्हा पुन्हा दोनदा वाजत होती. चौथ्या टाक्याला तिने पाय फळीला लावला आणि मागे रेलून ओढलं. आतून आवाज आला, "आता गावला." मग पुढचा पाऊण तास कोणी सांगायला लागलं नाही. रात्री तिच्या दोन्ही तळव्यांवर लाल वळ होते. ती ते सगळ्यांना दाखवत फिरत होती.

'पिंगुळी_रोड' दादा, तुमचा प्रश्न, सांगणार कोण? आम्ही कोणाला सांगायला बसवलं नाही. पण हात कामात असले की माणसं बोलतात. एकाने सांगितलं, याच होडीतून रापण टाकताना एकदा जाळ्यात एवढी तारली आली की ओढायला शाळा सोडून द्यावी लागली. दुसरा म्हणाला, तारली नव्हे, बांगडा होता. त्यावर तासभर वाद झाला आणि वाद मिटवायला पलीकडच्या वाडीतल्या एका म्हातारीला बोलावून आणलं. तिने तिसराच मासा सांगितला. हे सगळं माझ्या वहीत आहे. पूर्वी त्या वहीत 'छान उपक्रम' असायचं. आता ही वही पुढच्या वाडीत वाचून दाखवायची आणि त्यांनी त्यात आपलं घालायचं. सुंभ वळणाऱ्या अकराजणींची नावं पहिल्या पानावर आहेत, 'तळाशील_माहेर' ताई.

पुस्तकांची पेटीही खळ्याच्या कोपऱ्यात होती. चार पुस्तकं गेली. मी काही बोलले नव्हते.

सगळंच जमलं असं नाही. मानाचं, 'सहाणेवरचा' दादा म्हणाले तसं, निघालंच. पहिला टाका कोणी घालायचा यावर दोन घरांत कुजबुज झाली. आजोबांनी कोणाचंही न ऐकता मुलीला हाक मारली म्हणून वेळ निभावली, पण प्रत्येक वाडीत आजोबा नसणार. यावर अजून सुचवा. आणि एका रात्री कुत्र्यांनी ओली गोणपाटं ओढून नेली, सकाळी उन्हात दोन तास होडी उघडी राहिली, वरचा एक सांधा केसभर उघडला. पाणी मारमारून तो बसतोय.

खाडी ओलांडण्याचा दिवस शिमग्यानंतर, भरती बघून धरणार आहोत. होडीत फक्त वल्ही मारणारी जाणती माणसं, सगळ्यांना लाइफ जॅकेट, आणि बाजूने दुसरी मोठी होडी. 'दादर_ते_देवबाग', तारीख नक्की झाली की इथेच लिहिते, तिघांनी या.

उद्या संध्याकाळी पाचला शिवेवर होडी द्यायची आहे. आमच्या वाडीतून अठ्ठावीस माणसं यायला तयार आहेत. चाकाच्या गाड्यावर ठेवून हाताने ढकलत नेणार, अडीच किलोमीटर. पलीकडून किती येतील ते कळलेलं नाही. मी तिथल्या चार घरी जाऊन सांगून आले आहे. एकाने विचारलं, "आमच्या वाट्याची शिवण कुठली?" मी म्हटलं, संकासुराच्या कपाळापासून पुढची.